दगडाखालची वाम

आधीच सांगून टाकतो, ती वाम माझी नव्हती. आमोण्यात कुणालाही विचारा, गोकुळदासाच्या वाट्याचा बांध कसा असतो ते. गवत कापलेलं, चिखल लिंपलेला, खेकड्याचं एक भोक दिसलं तर संध्याकाळच्या आत बुजलेलं. चाळीस वर्षं मी हे करत आलोय, त्यात मला कुणी शहाणपण शिकवू नये. तरीसुद्धा गेल्या भाद्रपदात पुनवेला बांध फुटला, तो मी पुरलेल्या दगडापाशीच फुटला.

आमची शेतं खाजनात आहेत. म्हणजे असं, की मांडवीला भरती आली की नदीचं पाणी आमच्या शेतापेक्षा वर असतं, आणि दोघांच्या मध्ये फक्त मातीचा बांध. पावसाळ्यात नदीचं पाणी गोडं असतं तोवर ठीक. पाऊस ओसरला की खारं पाणी वर सरकतं आणि मग तो बांध म्हणजे आमचा जीव. पूर्वीपासून बांधाचे वाटे पाडलेले आहेत. ज्याचं शेत, त्याच्या समोरचा बांध त्याने राखायचा.

आता वाम. बाजारात टोपलीत मिळते ती समुद्रातली वेगळी. ही चिखलातली. बोटापेक्षा थोडी जाड, दोन-अडीच हात लांब, रंगाने मातकट, डोळे मोहरीएवढे, आणि दिसायला अगदी साप. आमच्या शेजारी भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कोल्हापूरच्या गवंड्यांनी एकदा अशी वाम मारली आणि नाग मारला म्हणून घाबरून तिला दूध-नारळ देऊन पुरली. माझ्या बहिणीने, रत्नाने, तो सोहळा बघितला आणि हसून हसून ती बांधावरच बसली. "दादा, तेंका सांगू नको," म्हणाली, "खर्च केलोहा बिचाऱ्यांनी."

हसायला ठीक आहे, पण बांधाला या वामेइतका वाईट शत्रू नाही. खेकडा हातभर पोखरतो आणि थांबतो. वाम आरपार जाते. नदीच्या अंगाला एक तोंड, शेताच्या अंगाला दुसरं, मध्ये सात-आठ हात वाकडंतिकडं बीळ. साधी भरती त्यातून नुसती झिरपते. उधाणाची भरती आली की तेच बीळ मनगटाएवढं होतं, मग मांडीएवढं, आणि मग बांध नसतोच.

बीळ आरपार आहे की नाही हे बघायची आमच्या बाबांची एक रीत होती. भरतीचं पाणी चढू लागलं की नदीकडच्या तोंडात मूठभर भाताचं तूस सोडायचं. आरपार असेल तर पाणी ते तूस ओढून नेतं आणि थोड्या वेळाने शेताच्या अंगाला कुठेतरी बाहेर टाकतं. याला माणसं दोन लागतात. मी बारा वर्षांचा होतो, रत्ना सात. मी गुडघाभर चिखलात उभा राहून तूस सोडायचो आणि ती पलीकडे उकिडवी बसून बघायची. मग तिचा बारीक आवाज यायचा, "इला रे!" लगेच बाबा फावडं घेऊन उतरायचे, दोन्ही बाजूंनी बीळ उकरायचे, वाम शेपटीला धरून नदीत भिरकावून द्यायचे, आणि आई पेंढा आणि चिखल कालवून द्यायची. पेंढ्याशिवाय चिखल धरत नाही. अर्ध्या दिवसाचं काम. मग पेज.

बाबांनी आणखी एक नियम सांगून ठेवला होता. वाम डोकं जिथून बाहेर काढते ते तिचं दार आणि शेपूट दिसते ती तिची परसबाग. बीळ दोघांच्या वाट्यात गेलं, तर दार ज्याच्याकडे त्याने बुजवायचं. शेजाऱ्यांशी भांडण होऊ नये म्हणून हा नियम. आमच्या घरात त्याची गरज पडेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

रत्नाचा नवरा साखळीला, तिच्या सासरी, वारला तेव्हा ती माहेरी परत आली. मूलबाळ नाही, बरोबर फक्त एक गाय. आठ वर्षांपूर्वी आईने जाता जाता खालचं अर्धं शेत तिच्या नावावर केलं. मी सही केली. कुरकुर केली नाही, निदान तोंडाने नाही. पण सही झाल्यावर आठ दिवसांत मी बांधावर एक दगड आणून पुरला. इकडे माझा वाटा, तिकडे तिचा. कुणी मागितला नव्हता तो दगड. रत्ना आली, दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यावर पाय ठेवून पलीकडे गेली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मी माझ्या अर्ध्यात ज्योती भात घालतो. पीक जास्त, बी बाजारात मिळतं. रत्ना हट्टाने आईचं कोरगूट घालायची. खाऱ्या चिखलात उभं राहणारं हे जुनं भात, तांबडा दाणा, आणि आमच्याकडच्याचं कुसळ काळं. कोरगूट इतरांकडेही आहे, पण काळ्या कुसळाचं आईच्या माहेराहून आलेलं, आणि आमच्या खाजनात ते आता फक्त रत्नाकडे उरलं होतं. मी चार वर्षांपूर्वी माझं बी संपवलं. त्याची पेज लालसर व्हायची आणि तिला एक वास असायचा. मला तो वास आवडतो. पण आवडतो म्हणून कोण शेत करतो?

गेल्या आषाढात तिचा पहिला पेरा सडला. तिने कणगीत राखून ठेवलेलं बी काढलं आणि परत पेरलं. तेव्हा ती माझ्या पायरीवर येऊन बसली होती. "दादा, राखीव बियाणा पण घातलंय," म्हणाली. "आता जा काय आसा ता शेतातच आसा."

"मगे बांध बघ नीट," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. विसरलेलो नाही.

चवथीच्या चार दिवस आधी मला माझ्या वाट्यात नदीच्या अंगाला बीळ दिसलं. दगडापासून जेमतेम वीतभर अलीकडे. ओलं, ताजं, आणि त्यातून वामेची शेपटी बाहेर आली, टोकाला खिळ्यासारखी टणक, आणि परत आत गेली. भरती चढताना मी एकट्यानेच तूस सोडलं आणि धावत पलीकडे गेलो. तूस बाहेर आलं ते दगडाच्या पलीकडे, रत्नाच्या वाट्यात. म्हणजे बीळ माझ्याकडून तिरकं तिच्याकडे गेलेलं. शेपूट माझ्याकडे. दार तिच्याकडे. बाबांचा नियम स्पष्ट होता.

मी तिला हाक मारून दाखवलं. "तुझी वाम," म्हटलं. "बुजव."

ती म्हणाली, "माझी कशी? काल सकाळी मी बघलंय, डोक्या तुझ्याकडे होता. नदीकडसून टकामका बघी होती."

"डोळे तपासून घे. शेपटी होती ती."

"दादा, माका डोक्या आणि शेपूट कळता."

"तू खोटा बोलतंस," मी म्हणालो.

आता इथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे बोललो. म्हणालो, अर्धं शेत घेताना हात पुढे होता, चिखलात घालायचा म्हटला की मागे जातो. हे बोललो आणि मला बरं वाटलं. आठ वर्षं दाबून ठेवलेलं ओकून टाकल्यावर वाटतं तसं बरं. रत्ना दगडाकडे बोट दाखवून म्हणाली, "दगड तू घातलंस. मोजून घातलंस ना? तोंड तुझ्या वाट्यात आसा. तू बुजव." आणि गेली.

चवथीला आमचा गणपती एकच, माझ्या घरात. रत्ना आली, गोड नेवऱ्या तळल्या, आरतीला उभी राहिली, माझ्याशी एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी नव्याची कणसं आणायची असतात. शेतातली नवी कणसं आणून गणपतीपुढे ठेवायची आणि मग दारावर बांधायची. आई गेल्यापासून ती रत्नाच आणते, कोरगुटाची. भांडण असलं तरी आणली. स्वतः पाटावर चढून माझ्या चौकटीला बांधली, गेल्या वर्षीची सुकलेली सोडून माझ्या हातात दिली. ती मी नेऊन नदीत सोडली, रीतीप्रमाणे.

माझी बायको सरस्वती कमी बोलणारी. पण ती रोज जेवताना एकदा विचारायची, "बुजवलंत?" मी म्हणायचो, नियम नियम असतो. ती भात वाढायची आणि परत विचारायची. अनंत चतुर्दशीच्या आदल्या सकाळी तिने विचारलं नाही, नुसतं फावडं आणून माझ्या पायाशी ठेवलं. पुनव दोन दिवसांवर होती. मी उठलो.

मी बुजवायलाच निघालो होतो, हे मी देवासमोर सांगू शकतो. सुकती लागली होती, चिखल उघडा पडला होता, काम करायला याच्यापेक्षा चांगली वेळ नाही. पण बांधावर चढलो तर दगडाच्या पलीकडे रत्ना उभी. डोक्यावर पेंढ्याचा भारा, एका हाताने धरलेला. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता मी फावडं घातलं की ही मनात म्हणणार, आला शेवटी, कबूल केलं शेवटी. माझे पाय तिथेच थांबले. मी फावडं उचललं आणि बांधावरचं गवत तासायला लागलो. गवत तासायला काही नव्हतंच, चार दिवसांपूर्वीच कापलेलं. तरी मी पंधरा-वीस हात तासत गेलो, बिळाकडे पाठ करून. वळून बघितलं तर ती भारा घेऊन घराकडे चालली होती.

घरी सरस्वतीने फावड्याकडे बघितलं. त्याला चिखल नव्हता, गवत होतं.

पुनवेला भर दुपारी उधाण आलं. मी जेवायला बसलो होतो. खालच्या आळीतल्या साईशने रस्त्यावरून हाक मारली की खाजनात पाणी शिरतंय. मी पोचलो तेव्हा दगड जागेवर नव्हता. तिथे दोन पुरुष झोपतील एवढी फट पडली होती आणि नदी काहीही आवाज न करता आत चालली होती. मला वाटायचं बांध फुटताना गर्जना होत असेल. तसं काही नाही. नळ उघडा राहिल्यासारखं पाणी येत राहतं. रत्ना कमरेएवढ्या पाण्यात तिच्या शेतात उभी होती. कोरगूट नुकतं दुधात आलं होतं. कणसं पाण्याबरोबर हलत होती, मग दिसेनाशी झाली. मी तिला बाहेर ये म्हणून हाक मारली. तिने ऐकलं की नाही मला माहीत नाही.

गावाने रेतीच्या गोणी टाकून तिसऱ्या दिवशी फट बंद केली. तेवढ्यात सहा भरत्या आत येऊन गेल्या. पाणी उतरलं तेव्हा माझं ज्योती पांढरं पडलं होतं आणि रत्नाचं कोरगूट चिखलात निजलं होतं. कोरगूट खाऱ्याला भीत नाही, पण तीन दिवस बुडून राहिल्यावर कुठलं भात वाचेल? ती आठवडाभर भाताची एकेक चूड उचलून बघत होती. दाणा दाबला की पाणी यायचं. मला कुणी दोष दिला नाही. वाम दोघांच्या मध्ये होती, सगळ्यांना माहीत होतं. मीही मला दोष दिला नाही, तेव्हा.

दिवाळीनंतर तेजस्विनी म्हणून एक मुलगी आली, कॉलेजात माशांचा अभ्यास करणारी. खाजनातल्या वामा बघायला आली होती. कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं, वामांचा जाणकार म्हणून. मी तिला बांधावर नेलं, एक बीळ दाखवलं आणि बाबांचा नियम सांगितला, दार आणि परसबाग. मोठ्या ऐटीत सांगितला.

ती हसली, पण हिणवून नाही. "काका, हिला दोन्ही सारखंच," म्हणाली. "ही डोक्यानेही बीळ करते आणि शेपटीनेही. शेपटीचं टोक त्यासाठीच टणक असतं. शेपटीकडून आत शिरते, आत वळते, दुसरीकडून डोकं काढते. आज इथून डोकं, उद्या तिथून."

"म्हणजे एकाच बिळात एकाने डोकं बघितलं आणि दुसऱ्याने शेपूट, तर?"

"दोघंही खरं सांगतात."

मला त्या मुलीचा राग आला. तिची चूक काय, तिने मला फक्त मासा समजावून सांगितला. पण मी तिला म्हटलं, ऊन झालंय, तुम्ही जा आता. ती गेली. मी तिथेच बसलो. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, माझंच. तू खोटा बोलतंस.

दुसऱ्या दिवसापासून मी काळ्या कुसळाचं बी शोधायला लागलो. स्कूटर काढली आणि सगळी खाजनं पालथी घातली. पेडण्यात हरमलपर्यंत गेलो. तिथे आता अर्ध्या शेतांत पाहुण्यांसाठी खोल्या उभ्या आहेत. कृष्णनाथ नावाच्या एका म्हाताऱ्याने कोरगूट काढून दाखवलं, हवं तेवढं ने म्हणाला. कुसळ पांढरं. इब्रामपूरला आईच्या माहेरी गेलो. मामाचा नातू म्हणाला, आम्ही काजू लावले, भात कधीच सोडलं. काळ्या कुसळाचं त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

परत आलो तेव्हा संध्याकाळ होत होती. स्कूटर लावताना माझी नजर चौकटीवर गेली. नव्याची कणसं. रत्नाने बांधलेली, पाण्याच्या आधीची, काळ्या कुसळाची. तीन महिने माझ्या डोक्यावर लटकत होती आणि मी रोज त्यांच्याखालून जात होतो. पाट आणला, कणसं सोडली, धोतराच्या सोग्यात धरून तसाच रत्नाच्या घरी गेलो. आठ वर्षांत तिच्या दारात पहिल्यांदा.

ती चुलीपाशी होती. मी सोगा तिच्यापुढे उघडला. "बघ," म्हटलं. "आईचा बियाणा. गेला नाय."

तिने एक कणीस उचललं, तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. सगळं उडून गेलं. हातात काही राहिलं नाही. दुसरं चोळलं. तेही तूसच.

"दादा," ती म्हणाली, "नव्याची कणसा हिरवीच कापतत. दूध भरायच्या आदी. तुका म्हायत नाय?"

मला माहीत होतं. साठ वर्षं मी ती कणसं बघतोय, मला माहीत नसेल तर कुणाला? पण पूर्ण वाटभर मला ते आठवलं नव्हतं. मी उरलेली कणसं एकेक चोळली. तिने मला थांबवलं नाही. शेवटचं झाल्यावर मी म्हणालो, "तू डोक्या बघलंस ता खरा होता. ती दोनव बाजूंनी जाता. त्या कॉलेजच्या चेडवान सांगल्यान."

"बरां."

"माझा चुकला, रत्ना."

तिने चहा ठेवला. मग ती म्हणाली, "त्या दिवशी तू फावडा घेऊन इल्लंस."

"व्हय."

"बुजवक इल्लंस?"

"व्हय. तू बघी होतंस म्हणान थांबलंय. वाटला, तू हसतलंस." माझ्या आवाजात परत थोडी तक्रार आली, सवयच ती. "तू आपली गायीचा पेंढा घेऊन उभी."

रत्नाने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "गाय मी गेल्या वर्षीच विकलंय."

मी कप हातात घेतला. तिच्या मागच्या उघड्या दारातून रिकामा गोठा दिसत होता, तिथे पेंढ्याचा भारा उभा होता. दोरी अजून सोडलेली नव्हती.